कूस बदलायचे दिवस

यंदा पाडवा आणि ईद अगदी पाठीला पाठ लावून आली. शिरखुर्म्याची पातेली घासून पालथी घालते न घालते तोवर ऊन असं चढलं की अंगणातला पत्रा दुपारी स्वतःशीच कडकड बोलायला लागला. आणि मग एका सकाळी आमच्या गल्लीत तो टेंपो आला. टपावर भोंगा, आत कापूस पिंजायचं मशीन. "जुनी गादी आणा, उभ्या उभ्या नवी करून न्या" असं रेकॉर्डवरचं कोकलणं. मशीन घरघरायला लागलं आणि कापसाचं एक पीस उडत येऊन खिडकीच्या जाळीला चिकटलं.

आत खाटेवर अब्बा. डावं अंग गेलेलं, तोंड जरा वाकडं, शब्द जिभेवरून घसरत घसरत बाहेर येतात. कान मात्र तिखट. डोळे न उघडताच म्हणाले, "कापूस वाळवला न्हाई त्यानं."

घरात आम्ही दखनी उर्दू बोलतो. अब्बा चिडले की मराठीत येतात, माझ्या लहानपणापासून हे असंच आहे. त्यामुळं मी ओळखलं, आजचा दिवस जड जाणार.

मी कुंडलची. नदाफाची लेक, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या गाद्या भरणाऱ्या घरातली. नोकरी सरकारी दवाखान्यात, स्टाफ नर्स. आमच्या घरात वर्षाचे ऋतू दोनच असायचे, गादी भरायचा आणि गादी न भरायचा. संक्रांत सरली की कापूस हलका होतो, लग्नं निघतात, रुखवतात गादी लागतेच. तिथून पुढं मृगाच्या तोंडापर्यंत अब्बांना जेवायला सवड नसायची. एकदा हवा दमट झाली की कापसाच्या नुसत्या गाठी होतात, मग दुकानाची फळी लागायची आणि अब्बा छपराकडं बघत बसायचे. गादी भरायच्या त्या दिवसांतल्या उन्हाचा वास अजून माझ्या नाकात आहे. जुनी गादी उसवली की त्या घराचं सगळं बाहेर पडायचं. खोबरेल तेलाचा वास, लेकरांच्या मुताचा वास, बामाचा वास, हरवलेला कानातला खडा, गोळीचे कागद. अब्बा म्हणायचे, "माणूस डॉक्टरपुढं खोटं बोलंल, गादीपुढं न्हाई." आणि सगळं उन्हात पसरायचे.

आता त्यांनाच कुणीतरी असं उन्हात पसरावं आणि पुन्हा भरून द्यावं असं मला कधीकधी वाटतं. थकले की असलं काहीबाही सुचतं. आणि मी हल्ली थकते. आधी हे म्हणायची लाज वाटायची, आता नाही वाटत. दिवसभर वॉर्डात परक्यांच्या कुशी बदलायच्या, मग घरी येऊन आपल्या माणसाची. नर्सच्या घरात कुणी आजारी पडलं की नातेवाईक कसे निर्धास्त होतात बघा! "तू हायस की, आमाला काय काळजी?" माझा भाऊ अस्लम माधवनगरला असतो. पिंजाऱ्याचा पोरगा, फोमच्या गाद्या विकतो. त्यानं बिचाऱ्यानं हौसेनं पंपावर चालणारी हवेची गादी आणून दिली. अब्बांनी तिच्यावर झोपायला साफ नकार दिला. म्हणाले, "पंक्चर काढायला पण एक माणूस ठेव." ती गादी माळ्यावर आहे. अब्बा आपल्या गादीवर आहेत.

आणि ते म्हणतात, मला हलवू नका. माझी गादी हाय खाली.

हेच ते. हेच वाक्य. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका हंगामात हे वाक्य मी किती घरांत ऐकलं होतं!

टेंपो आला त्याच दिवशी सांगलीहून फोन आला. कुणीतरी तरुण सिस्टर होती, आवाजात नुसता उत्साह. परिचारिका दिनाला कार्यक्रम आहे, ज्या सिस्टरांनी संशोधन केलं त्यांचा सत्कार आहे. निकम मॅडमना मुख्य मान. "आणि मॅडम म्हणाल्या, माझ्याबद्दल बोलायचं तर नदाफ सिस्टर बोलतील, दुसरं कुणी नको. फक्त दोन शब्द, मॅम."

मी म्हटलं, बघते. 'बघते' ही आमच्याकडं नाही म्हणायची सभ्य रीत आहे.

दोन शब्द! दोन शब्दांना अर्धा दिवस मोडतो. हॉलमधल्या मागच्या खुर्च्या रिकाम्या, पुढच्या खुर्च्यांवर उशिरा येणारे पाहुणे, समई पेटता पेटत नाही, आणि ज्यांचा सत्कार त्या बायका ड्यूटी करून डोळे ताणत बसलेल्या. वर्षातून एक दिवस आम्ही देवी, दीप, माउली. दुसऱ्या दिवशी पुन्हा "ओ सिस्टर, सलाइन संपलं की!" माउलीबिउली नको, एक जास्तीचा माणूस द्या वॉर्डात, असं मी एकदा माइकवरून म्हणणार होते. माझी पाळी येईपर्यंत जेवणाची पंगत बसली.

पण निकम मॅडमचं नाव आलं आणि मी त्या दिवसांत जाऊन पडले.

मॅडम तेव्हा साताऱ्याला नर्सिंगच्या मुलींना शिकवायच्या. मूळच्या कोरेगावकडच्या, नवरा फौजेतून रिटायर. नर्सिंगमध्ये पीएच.डी. केलेली. आमच्या दवाखान्यात हे कळलं तेव्हा एका जुन्या सिस्टरबाईंनी सरळ विचारलं, "पीएच.डी. केल्यावर इंजेक्शन कमी दुखतं का हो?" मॅडम म्हणाल्या, "दुखायचं तेवढं दुखतंयच. पण कुणाला जास्त दुखलं आन्‌ का दुखलं, हे इचारायची खोड लागती." आणि मग आमची तोंडं बघून म्हणाल्या, "मी कोरेगावची हाय. माझी जीभ काय पीएच.डी. झालेली न्हाई."

त्यांची खोड म्हणजे एकच प्रश्न होता. लकवा झालेली, खुब्याचं हाड मोडलेली माणसं दवाखान्यातून घरी जातात. खाटेवर पडतात. पडून पडून माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर जखमा होतात, हाडापर्यंत जातात. पुस्तकात लिहिलेलं असतं, दर दोन तासांनी कूस बदला. पुस्तक लिहिणाऱ्याच्या हाताखाली माणसं असतात. आमच्या घरात कोण असतं? एक सून. तिला धार काढायची, भाकरी थापायच्या, वैरण आणायची, पोरांचा डबा करायचा. ती काय करते, काय करू शकते, आणि कशानं फरक पडतो, हे कुणी मोजलंय का? कुणी नाही. मग मी मोजते, म्हणाल्या, आणि आमच्या भागात फिरायला मला सोबत घेतलं.

परवानगीसाठी आम्ही एका साहेबापुढं उभ्या राहिलो. त्यानं कागद चाळले आणि विचारलं, "याचे मुख्य डॉक्टर कोण आहेत?"

"मीच."

"तसं नाही हो सिस्टर. मुख्य कोण?"

"साहेब, मुख्य पण मीच आन्‌ डॉक्टर पण मीच. सही करा, यस्टी चुकंल माझी."

सही झाली. मी हसू दाबत बाहेर आले. तेव्हा मला हसू यायचं.

तो सगळा हंगाम आम्ही माझ्या स्कूटीवर काढला. कुंडलपासून कडेगावपर्यंतच्या वाड्या-वस्त्या. मॅडम साताऱ्याहून पहाटेची एसटी धरायच्या, कराडला बदलायच्या, इथं उतरेपर्यंत त्यांच्या केसांवर धुळीची साय. पदर कमरेला खोचून मागं बसायच्या, मांडीवर पिशवी, पिशवीत शेंगदाण्याची चटणी-भाकरी. उसाच्या गाड्यांच्या मागं अडकलो की उसाचं पाचट तोंडावर. शेतात पाचट पेटलेलं असायचं, त्याची काजळी उडून मॅडमच्या पांढऱ्या साडीवर बसायची. त्या झटकायच्या नाहीत. "झटकलं की पसरतं. घरी गेल्यावर बघू."

घरात शिरलं की त्यांचा पहिला सवाल चहाचा नसायचा. खाटेपाशी जायच्या, आजाऱ्याचं नाव विचारायच्या, आणि म्हणायच्या, "दादा, जरा पाठ दाखवता का? लाजू नका, मी नवऱ्याची पाठ चोळून चोळून इथवर आलीय." माणूस हसायचा, तेवढ्यात आम्ही त्याला कुशीवर केलेलं असायचं. मग त्या अंगठा लावायच्या. लाल झालेल्या कातडीवर अंगठा दाबून उचलला की ती जागा क्षणभर पांढरी व्हायला हवी. पांढरी झाली तर अजून वेळ आहे. नाही झाली, लालची लालच राहिली, तर आत सुरुवात झाली. मी शेकडो वेळा वॉर्डात हे केलं असेल. पण मॅडम अंगठा उचलायच्या तेव्हा श्वास धरून बघायच्या, प्रत्येक वेळी. परक्या माणसाच्या कमरेखाली.

अब्बा यात कसे आले? तर मीच एकदा घरी बोलता बोलता सांगितलं, कडक बाजेवर, गाठीगाठीच्या गादीवर माणसं झिजतात. अब्बांनी ऐकलं, सुपारी थुंकली, आणि दुसऱ्या दिवशी खोळ फाडायला बसले. त्या दिवसांत धंदा बसत चालला होता. नवरीबरोबर आता फोमची गादी जायची, पोराच्याच दुकानातून. पिंजायला पूर्वीसारखी माणसं येत नव्हती. अब्बांनी आजाऱ्यासाठी एक गादी केली. सलग नाही, आडव्या आडव्या लोडांची, सहा-सात लोड एका खोळीत ओळीनं. एखादा भिजला तर तेवढाच काढायचा, उन्हात घालायचा, परत सारायचा. जिथं दुखतं तिथला लोड मऊ भरायचा. मला दाखवताना त्यांचा आवाज बदलला होता. "बेटा, यावर माणूस झिजणार नाही. तुझ्या मॅडमला सांग, लिहून घ्या म्हणावं."

मॅडम आल्या, गादीवर चपला काढून आडव्या झाल्या, डोळे मिटले. कितीतरी वेळ उठल्याच नाहीत. मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, "चाचा, लय भारी हाय. पण मला भारी वाटून चालत न्हाई. बघावं लागंल."

आणि त्यांनी बघायचं ठरवलं. काही घरांत अब्बांची गादी, काही घरांत जी असेल ती. कूस बदलायला मात्र सगळ्यांना सारखंच शिकवायचं. कापूस मॅडमच्या प्रकल्पातून आला, मेहनत अब्बांची. तो त्यांचा शेवटचा मोठा हंगाम. अंगणभर कापूस, छपरावर कापूस, शेजारच्यांच्या शेळीच्या अंगावर कापूस. अब्बांनी मशीनला हात लावला नाही, धनुकलीनं पिंजलं सगळं. दिवसभर गल्लीत तो टणत्कार. दाढीत कापूस, भुवयांवर कापूस. पेंटरकडं बोर्ड टाकून आले, 'आजारी माणसांसाठी खास गादी, दवाखान्यातून तपासलेली.' मी म्हटलं, अब्बा, अजून तपासायची आहे. ते म्हणाले, "रंग वाळेपर्यंत होईल की."

जिथं पहिली गादी गेली ते घर सुनीताचं. सुनीता आमच्याच गावची सून. नवरा फौजेत, दूर कुठं तरी बर्फात. सासरे जुने सुभेदार, लकवा होऊन पडलेले. सुनीतानं गादी बघितली आणि डोळ्याला पदर लावला. "ताई, आता मामंजींचे हाल सरले."

आम्ही ठरल्या दिवशी मोजायला जायचो. महिना गेला, दुसरा सरत आला. एका दुपारी सुभेदारांच्या माकडहाडावर त्यांनी अंगठा दाबला आणि उचलला. लालची लालच. पुढच्या खेपेला तिथं जखम. मग दुसऱ्या एका गादीच्या घरात. मग तिसऱ्या. साध्या बाजेवाल्या घरांत कमी, आमच्या गादीच्या घरांत जास्त. मला वाटलं, मोजण्यात काहीतरी चुकलंय. मी तसं म्हटलंही. मॅडमनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच आलं.

दुसरी कुणी असती तर तिथंच थांबली असती. गादी कामाची नाही, संपलं. मॅडम परत त्या घरांत गेल्या आणि नुसत्या बसल्या. लसूण सोलत, शेंगा फोडत. शिकवायला नाही, तपासायला नाही. बायका बोलल्या. एका घरातली सासू म्हणाली, "आवं, नदाफाची गादी हाय की आता. झोपलेल्या माणसाला कशाला हलवायचं? पाप लागतंय." दुसऱ्या घरात, "पैल्यांदा उठत हुतो. आता गादीच बघती त्याचं." म्हणजे बाजेवाली घरं भीतीनं उठत होती, आणि आमची घरं भरवशावर झोपत होती. गादी चांगली होती, हाच घोटाळा होता.

मी चिडले. खरंच चिडले. म्हटलं, मॅडम, अब्बांनी जीव ओतलाय. वाक्य जरा मऊ करा ना. 'आणखी अभ्यासाची गरज आहे' असं काहीतरी. असं लिहितात की लोक.

मॅडम भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "शमीम, मऊ वाक्यावर पण माणूस झिजतो गं."

एवढं बोलून जेवल्या. मला त्या दिवशी त्यांचा राग आला तो बरेच दिवस गेला नाही.

अब्बांना सांगायला त्या स्वतः आल्या. मी म्हटलं होतं, मी सांगते. त्या म्हणाल्या, "गादी त्यांनी माझ्या सवालासाठी भरली. जवाब मीच देणार." दुकानात कापसाच्या ढिगावर बसल्या, कपबशी घेतली, आणि आहे तसं सगळं सांगितलं. अब्बा धनुकली मांडीवर घेऊन ऐकत होते.

"म्हंजी माझी गादी वाईट?" ते मराठीत आले.

"वाईट न्हाई, चाचा. चांगली हाय. म्हणून तर लोक निवांत झाले."

"म्हंजी चांगली केली हाच गुन्हा?"

मॅडमनी चहा संपवला, उठताना अब्बांच्या पायाला हात लावला. अब्बांनी पाय मागं घेतला. तो बोर्ड त्याच आठवड्यात पेंटरनं आणून दिला. अक्षर फार सुरेख होतं. तो आता पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून आहे, रंगाची बाजू खाली.

पुढच्या हंगामात मॅडमनी गादीचा विषय सोडला आणि घड्याळाचाही सोडला. दोन तास म्हटलं की सुनेला कळत नाही, तिचा दिवस तासांत नसतोच. मग प्रत्येक घरात बसून विचारलं, तुझ्या दिवसात काय काय ठरलेलं आहे? धार. नळाचं पाणी. कारखान्याचा भोंगा. शाळा सुटल्याची घंटा. मशिदीतली बांग. धार काढून आलीस की डावी कूस. भोंगा झाला की उजवी. बांग झाली की पाठ. सुभेदारांच्या देवघरात विठोबाची तसबीर, आणि सुनीता दुपारची बांग झाली की हातातलं पीठ तसंच ठेवून सासऱ्यांना वळवायची. जखमा कमी होत गेल्या, ज्या होत्या त्या भरत आल्या. उसाचा हंगाम संपून कारखाना बंद झाला तसा भोंगा थांबला आणि काही घरांत पुन्हा घसरण झाली, तेही मॅडमनी लिहिलं. लपवलं नाही. तेच काम पुढं कुठं कुठं गेलं, दुसऱ्या जिल्ह्यांत शिकवलं जातं म्हणे. त्याचाच हा सत्कार.

सुभेदारांची जखम भरली. त्यानंतर ते चांगले जगले आणि न दुखता गेले.

अब्बांनी मात्र मॅडम जवाब देऊन गेल्या त्या दिवसानंतर धनुकली टांगली ती टांगलीच. कुणी विचारलं तर सांगायचे, "पोरीच्या मॅडमनं माझी गादी बुडवली." हसत सांगायचे, पण सांगायचे. मॅडमचा फोन आला की उठून बाहेर जायचे. मग मागल्या थंडीत त्यांना झटका आला, आणि बाहेर जायचं संपलं.

आता माझं दुखणं कळलं का? ज्या कामाचं कौतुक करायला मला बोलावलंय, त्या कामानं माझ्या बापाचं मन मोडलं होतं. आणि तोच बाप त्याच गादीवर पडून मला म्हणतो, हलवू नकोस. मी वळवायला गेले की चांगल्या हातानं खाटेची पट्टी धरून ठेवतो. रोज भांडण. बांग झाली की भांडण, नळ आला की भांडण. मी नर्स म्हणून जिंकते, लेक म्हणून हरते. आणि मी ड्यूटीवर असले की कोण जिंकणार? ईद झाली त्या आठवड्यात त्यांच्या माकडहाडावर मी अंगठा दाबला आणि उचलला. जरा वेळ लागला, पण पांढरं झालं. मी मोरीत जाऊन रडले. जखमेला नाही, अजून वेळ आहे म्हणून रडले.

सुनीता दुपारची येऊन बसते. मुलं मोठी झाली तिची, एक भरतीची तयारी करतोय. ती स्वतःहून येते. "मला शिकवावं लागत न्हाई, ताई. मी किती वर्सं वळवलंय." एका दुपारी मी सुट्टीवर होते, भाकरी करत होते, आणि आतून नेहमीची झटापट ऐकू आली. अब्बा म्हणत होते, "सोड. माझी गादी हाय खाली." मी परात सोडून उठणार, तेवढ्यात सुनीताचा आवाज आला. अगदी शांत.

"चाचा, मामंजी पण तुमच्याच गादीवर हुते. लय झ्याक गादी. त्यांना एक दिवस गाठ टोचली न्हाई. तुमच्यावर माझा भरवसा हुता वो, म्हणून मी उठले न्हाई. गादी वाईट असती तर उठले असते."

मग खाट करकरली.

मी दारात गेले तेव्हा अब्बा भिंतीकडं तोंड करून कुशीवर होते, आणि सुनीता त्यांच्या पाठीला पावडर लावत होती. जे मॅडमनी कपबशी हातात घेऊन सांगितलं होतं तेच तिनं सांगितलं. पण मॅडमचं ऐकताना त्यांनी फक्त निकाल ऐकला होता. सुनीताचं ऐकताना त्यांना कळलं असावं, की त्यांच्या गादीवर कुणी एवढा विश्वास टाकला होता. मला नक्की माहीत नाही. अब्बा असलं काही बोलणाऱ्यांतले नाहीत.

परिचारिका दिनाच्या सकाळी मी जाणार नव्हतेच. साडीसुद्धा काढली नव्हती. सुनीता लवकर आली, तिला मी बोलावलं नव्हतं. अब्बांनी बोलावलं होतं, तिच्याच पोराकरवी. मला म्हणाले, "जाणार नाहीस?" दखनीत. मी म्हटलं, तुमच्याजवळ कोण? त्यांनी चांगल्या हातानं खाटेची पट्टी सोडली, हात माझ्याकडं केला आणि मराठीत आले. पण त्या दिवशी चिडलेले नव्हते.

"मला कुशीवर करून जा. आन्‌ मॅडमला सांग, नदाफ म्हणाला, गादी चांगलीच हाय." थांबले. जीभ जमवली. "पण वळवावं लागतंय."

हॉलमध्ये पाहुणे उशिरा आले. समई पेटता पेटेना. मॅडम पुढं बसल्या होत्या, केस पांढरे, गुडघ्यांना पट्टे. माझं नाव पुकारलं तेव्हा लिहून आणलेलं काहीच नव्हतं. मी अब्बांचं ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि खाली उतरले. लोकांना नीटसं कळलं नसावं, थोड्या टाळ्या वाजल्या. मॅडमना कळलं. त्या रडल्या वगैरे नाहीत. मी शेजारी येऊन बसले तशा कानाशी लागल्या, "लाली किती हाय? अंगठ्याखाली पांढरी हुती का?"

"होते. हळू होते."

"आत्ता कोण हाय जवळ?"

"सुनीता. सुभेदारांची सून."

मॅडमनी सुनीताचं नाव तोंडातल्या तोंडात एकदा घेतलं. मग सत्काराची शाल खांद्यावरून काढली, घडी केली, अजून एक घडी केली, आणि माझ्या मांडीवर ठेवली. "पोटरीखाली घाल. टाचा गादीला टेकू देऊ नको, अधांतरी राहू देत. आन्‌ जेवणाला थांबू नको, नीघ."

मी निघाले. सांगली स्टँडवर ऊन रणरणत होतं, एसटीत उभं राहायला जागा मिळाली, पाय दुखत होते, आणि शाल मी पिशवीत न घालता हातातच धरली होती.

घरी आले तेव्हा अब्बा पाठीवर होते. म्हणजे सुनीतानं वेळ चुकवली नव्हती. मी त्यांचे दोन्ही पाय उचलून पोटऱ्यांखाली घडी सरकवली. टाचा हवेत राहिल्या. त्यांनी विचारलं, हे काय? म्हटलं, मॅडमची शाल. आज मिळाली त्यांना. तुमच्यासाठी दिली.

अब्बांनी चांगला हात खाली नेला, शालीचं टोक बोटांत धरलं, चोळलं, पुन्हा चोळलं.

"निम्मी पॉलिस्टर हाय," म्हणाले. "फसवलं तिला."

मग मशिदीत बांग सुरू झाली. मी उठायच्या आधीच त्यांनी चांगला हात माझ्या खांद्यावर ठेवला, आणि वळायला स्वतःहून जोर लावला.